नेपाळमधल्या रसुवा जिल्ह्याच्या गाइड दाइंना (म्हणजे दादांना), आमच्या सगळ्या गटाकडून

प्रिय दाइ,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिते आहे. लिपी आपली एकच, त्यामुळे अक्षरं तुम्हाला लागतीलच. अर्थ मी फोनवर हिंदीत सांगेन. पत्र तुम्हाला असलं तरी ते आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनीही वाचावं, अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. सुट्टीत नेपाळला जाऊ, काही दिवस गावात श्रमदान करू आणि मग ट्रेक करू, असा बेत आखणारे गट दर वर्षी निघतात. तुमच्यासारखा माणूस भेटला की त्या बेताचं किती सोनं होतं, हे त्यांना कळायला हवं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाइड घ्यायचा, हा नेपाळचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. तुमचा नंबर आमच्यापर्यंत आला तो या नियमामुळे. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचा परवाना (सार्क देशांच्या नागरिकांना १५०० नेपाळी रुपये), धुन्चेची तपासणी चौकी, स्याब्रुबेसीपर्यंतची बस, एवढं तुमच्याकडून समजून घ्यावं म्हणून पहिला फोन केला होता. तुम्ही ते सगळं सांगितलंत आणि मग विचारलंत, "शाळेचं काम करणार म्हणता, तर शाळेला काय हवंय?" आम्ही वर्ग रंगवायचं म्हणत होतो. तुम्ही हो-नाही काही न म्हणता "मी जाऊन विचारतो" एवढंच म्हणालात. ती शाळा तुमच्या घरापासून चांगलीच चढावर आहे, हे आम्हाला तिथे आल्यावर कळलं. त्या खेपेचे पैसे तुम्ही लावले नाहीत आणि पुढे कधी तिचा उल्लेखही केला नाहीत.

२५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात नेपाळमध्ये जवळजवळ ९००० माणसं गेली. सर्वाधिक फटका बसलेल्या १४ जिल्ह्यांत रसुवा होता. या शाळेची जुनी इमारत, दगड-मातीची, त्यातच बसली. वार शनिवार होता, नेपाळमधल्या शाळांच्या साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून मुलं वाचली. आता नवी इमारत उभी आहे. खिडक्यांच्या खाली, वर आणि छताजवळ काँक्रीटचे आडवे पट्टे घातलेली, धक्का बसला तरी भिंती एकमेकींना धरून राहतील अशी. तिच्या रंगाची कोणाला काळजी नव्हती. हेडसरांना काळजी होती ती मैदानाच्या कडेची. दर पावसाळ्यात ती कड थोडी थोडी खाली सरकत होती आणि मुलं तिथेच खेळत होती.

तुम्ही ही बातमी घेऊन आलात आणि सोबत त्या कडेला आधार देणाऱ्या भिंतीचा हिशेबही. जाळी किती, तार किती, दगड कुठून येणार, आणि गावातले दोन गवंडी किती दिवस लागतील. गवंड्यांची मजुरी आम्ही जमवलेल्या पैशांतून द्यायची आणि आम्ही त्यांच्या हाताखाली राबायचं, ही अट तुमची. "तुम्ही फुकट काम कराल, पण त्यांच्या घरात चूल पेटायला हवी," असं तुम्ही म्हणालात. परदेशात श्रमदानाला जाणाऱ्या प्रत्येक गटाला हे वाक्य कोणीतरी निघण्याआधी ऐकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही सगळे अजून तिच्याबद्दलच बोलत असतो. जाडजूड तारेच्या जाळीची पेटी, तिच्यात दगड भरायचे. ऐकायला किती सोपं! पहिल्या सकाळी थोरल्या गवंडीबांनी आम्हाला दगड भरायला दिलेच नाहीत, आधी निवडायला बसवलं. हातोडीने टोकायचं, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर बाजूला टाकायचा, कारण तो आतून चिरलेला किंवा कुजका. जाळीच्या भोकापेक्षा लहान दगड पेटीत चालत नाही. मोठे आणि चपटे दगड दर्शनी बाजूला, सपाट अंग बाहेर करून, एकेक हाताने बसवायचे. वरून ओतलेल्या दगडांची पेटी पहिल्याच पावसात पोट काढते. एक तृतीयांश भरली की पुढच्या जाळीपासून मागच्या जाळीपर्यंत तारेचे ताण घालायचे, दोन तृतीयांशाला पुन्हा. भिंतीच्या मागे आधी गाळणीचं कापड, मग बारीक खडी, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती जागेवर राहते. इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्यातल्या दोघांनी हे वर्गात शिकलेलं होतं. पण तार पक्कडीने नेमकी किती पिळायची, कुठल्या पिळाला ती तुटते, हे त्यांना त्या गवंडीबांच्या मनगटाकडे बघूनच कळलं.

आणि ती नाम्लो! डोक्यावरून तो पट्टा घेऊन डोकोभर, म्हणजे टोपलीभर, दगड पाठीवर कसे आणायचे, हे तुम्ही स्वतः करून दाखवलंत. मान ताठ, नजर पायांच्या दोन पावलं पुढे, थांबायचं तर डोको टेकायला कठडा बघून थांबायचं. आम्हाला तुम्ही अर्धाच डोको भरून दिलात, आणि तोही आमच्यातल्या ज्यांना पाठीचं दुखणं नव्हतं त्यांनाच. हे कोणाला आधी विचारून ठेवलं होतंत, कुणास ठाऊक.

मुलांचे फोटो काढण्याआधी हेडसरांना आणि घरच्यांना विचारायचं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. मुलांना खाऊ-पैसे वाटू नका, द्यायचं ते शाळेच्या कपाटात ठेवा, हेही. आम्ही तसंच केलं. शेवटच्या दिवशी मुलांनीच आम्हाला व्हॉलीबॉलला बोलावलं आणि सपाटून हरवलं.

मग ट्रेक सुरू झाला. स्याब्रुबेसीला, जिथे लांगटांग खोला ही नदी भोटेकोशी नदीला मिळते, तिथे तुम्ही काट्याने प्रत्येक बोजा तोललात. भारवाहकाच्या पाठीवर ३० किलोच्या वर काही चढणार नाही, असं सांगून आमच्या पिशव्यांतलं निम्मं सामान लॉजच्या खोलीत ठेवायला लावलंत. भारवाहक भाइंच्या पायांत धड बूट आहेत का, अंगावर जाड जाकीट आहे का, हेही तुम्हीच तपासलंत. जेवायला ते आमच्याबरोबर एकाच वेळी बसायचे. इतर गटांत हे नेहमी दिसलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

लांगटांग गाव जिथे होतं तिथून चालताना तुम्ही फार थोडं बोललात. त्याच २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ, दगड आणि हिमनदीचा कडा एकदम सुटून आला आणि गाव त्याखाली गेलं. खोऱ्यात तीनशेहून अधिक माणसं गेली, गावकरी आणि ट्रेकर्स दोन्ही. समोरच्या उतारावरची झाडं नुसत्या वाऱ्याच्या झोताने एकाच दिशेला आडवी पडली होती, ती कुठे होती ते तुम्ही हाताने दाखवलंत. दगडगोट्यांच्या त्या पट्ट्यावर गाणी लावायची नाहीत, सेल्फी काढायचे नाहीत, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. तिथे पोचल्यावर तसंही कोणाच्या मनात आलं नसतं. मृतांच्या नावांच्या स्मारकापाशी तुम्ही आम्हाला हवा तेवढा वेळ दिलात. नवं गाव थोडं वर वसलं आहे, तिथल्या लॉजच्या दिदींनी त्या रात्री आम्हाला आग्रह करकरून वाढलं.

आता ज्या रात्रीसाठी आम्ही तुमचे जन्मभर ऋणी आहोत, तिच्याबद्दल.

लामा हॉटेल नावाची वस्ती साधारण २४०० मीटरवर, लांगटांग ३४०० च्या वर. पुष्कळ गट हे अंतर एका दिवसात उरकतात. तुम्ही घोडातबेलाला, ३००० मीटरच्या आसपास, मुक्काम घालायला लावलात. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा तुमचा नियम. वाटेत सारखं तुमचं "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू, चालू. उंची कोणाला बाधते आहे का हे बघायला रोज संध्याकाळी चुलीपाशी प्रत्येकाला तेच चार प्रश्न: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, थकवा किती, चक्कर येते का. उत्तरं वहीत लिहायची, कालच्या उत्तराशी ताडून बघायची.

त्या संध्याकाळी लांगटांगच्या लॉजवर आमच्या मैत्रिणीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, दुपारपेक्षा जास्त. सूप पोटात राहिलं नाही. तुम्ही तिला लॉजच्या लाकडी फळीवर टाचेला बोटं लावत सरळ चालायला सांगितलंत. ती चालली, एकदाही पाऊल बाजूला पडलं नाही. आम्हाला हायसं वाटलं. तुम्ही मात्र उठून बूट घालायला घेतलेत. "आत्ता ती आपल्या पायांनी चालते आहे, म्हणून आत्ताच उतरायचं," असं म्हणालात. "पहाटे चालता आलं नाही तर उचलून न्यावं लागेल, आणि त्या दगडांवरून अंधारात उचलून नेणं मी पाहिलेलं आहे." दुसऱ्या गाइड भाइंकडे बाकीचा गट सोपवलात. मी सोबत यायचं ठरलं. कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात तो दगडगोट्यांचा पट्टा आम्ही पुन्हा ओलांडला. तिची पिशवी तुमच्या पाठीवर, तुमची एक काठी तिच्या हातात. दर थोड्या वेळाने तिला तुम्ही काहीबाही विचारत होता: घरी कोण कोण असतं, कुठल्या विषयात गती आहे, भावाचं लग्न कधी. मला आधी वाटलं, तिचं मन रमावं म्हणून. नंतर तुम्ही सांगितलंत की उत्तरं जुळवायला वेळ लागतोय का, जीभ जड होते आहे का, हे तुम्ही बघत होता.

घोडातबेलाला पोचलो आणि पहाटेपर्यंत तिचं डोकं उतरलं. तुम्ही रात्रभर चुलीपाशी बसून होता. दर तासाला तिला उठवून पाणी देत होता.

हेलिकॉप्टर बोलवायचं का, असं मी वाटेत विचारलं होतं. लागलं तर क्षणाचा विचार करणार नाही, पण आत्ता उतरणं हेच औषध आहे, असं तुमचं उत्तर होतं. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत, गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरने उतरवून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार उघड झाले होते. ते मी घरी आल्यावर वाचलं. त्या रात्री तुम्ही एक फोन केला असतात, तर आम्ही तो मुकाट्याने मान्य केला असता. तुम्ही तो केला नाहीत आणि पायपीट पत्करलीत, याची किंमत मला ते वाचल्यावर आणखी कळली.

ती विश्रांती घेऊन क्यान्जिन गोम्पा गावापर्यंत वर आली, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. तिथलं याकच्या दुधाचं चीज तिने सगळ्यात जास्त खाल्लं. एक दिवस खर्ची पडल्यामुळे छेर्को री हे शिखर सुटलं. क्यान्जिन री तेवढं झालं. ४७०० मीटरच्या वर, समोर लांगटांग लिरुंग, ७२०० मीटरहून उंच, आणि वारा असा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. छेर्को री सुटल्याची हळहळ आमच्यातल्या एकालाही वाटली नाही.

८ जुलै २०२५ ला भोटेकोशीला पूर आला, चीनच्या सीमेवरचा रसुवागढीचा मितेरी पूल वाहून गेला, ही बातमी आम्ही फोनवर बघितली तेव्हा पोटात गोळा आला. तुमचा फोन लागेना. लागला तेव्हा तुम्ही आमचीच विचारपूस आधी केलीत, परीक्षा कशा झाल्या म्हणून! मग सांगितलंत, घरचे सगळे सुखरूप आहेत, आणि शाळेची भिंत अजून जागची हललेली नाही. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर जेवढे मेसेज आले तेवढे निकालाच्या दिवशीही आले नव्हते.

आता कामाचं. आमच्या मागची मुलं पुढच्या शरद ऋतूत यायचं म्हणताहेत. त्यांना मी सांगून ठेवलंय की कामाची यादी इथे बनवायची नाही, आधी तुम्हाला फोन करायचा, आणि तुमच्या शाळेपर्यंतच्या खेपेची मजुरी खर्चात पहिली धरायची. या वेळी ती घ्यावी लागेल, नाही म्हणू नका. दोन चांगल्या पकडी आणि गवंडीबांनी मागितलेले जाड चामडी हातमोजे त्यांच्यासोबत पाठवते आहे. ऑक्सिमीटर नवा घेतला आहे, तो तुमच्याकडेच राहू दे. मैत्रिणीच्या आईने तुमच्या घरच्यांसाठी काही दिलं आहे. काय ते विचारू नका, मला शपथ घातली आहे. मैदानाच्या दुसऱ्या बाजूलाही पेट्या लागतील असं तुम्ही म्हणाला होता. त्याची मापं हेडसरांकडून घेऊन कळवाल का? तारेचे पैसे आम्ही जमवायला घेतो.

दिदींना आणि मुलांना नमस्कार.

तुमची बहिनी (धाकटी बहीण),
आणि तुमच्या मागून बिस्तारै चाललेला सगळा गट