गाउआच्या दादांना, एका स्टुलाबद्दल

दादा, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोहून, तुम्ही मूर्ती दाखवता त्या गाउआ गावच्या संग्रहालयातून परतलो, कामाला लागलो, तरी तुमची आठवण आली की अजून कंठ दाटून येतो. म्हणून हे जाहीर पत्र.

तिथल्या लोबी लोकांच्या बातेबांविषयी, म्हणजे त्यांच्या कोरीव लाकडी मूर्तींविषयी, मी आधीही विचारलं होतं. युरोपातल्या एका दुकानदाराने लाकूड किती जुनं आणि किंमत किती, एवढंच सांगितलं. तुमच्याच देशात आधी भेटलेला वाटाड्या "जादूटोण्याच्या बाहुल्या" म्हणून मोकळा झाला. पैसे मात्र मोजून घेतले.

तुम्ही घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोललात. थिल, म्हणजे घर राखणारा देव, डोळ्यांना दिसत नाही. त्याला काय हवं ते थिलदार कौल लावून सांगतो, मग तशी मूर्ती कोरून घेतात आणि ती घरातल्या देवस्थानात राहून घर राखते. हात पसरलेली बातेबा चेटूक करणाऱ्यांची वाट कशी अडवते, हे दाखवायला तुम्ही स्वतःच संग्रहालयाच्या दारात हात पसरून उभे राहिलात!

मग ती दुःखी मूर्ती. हातभरही नसेल. मान एका अंगाला कललेली, हात पाठीमागे, गालावर हत्याराचे बारीक घाव तसेच राहिलेले. "ही घरच्यांच्या वतीने शोक करते, त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून," तुम्ही म्हणालात. पीट मायर या स्विस अभ्यासकाने १९८१ मध्ये या मूर्तींबद्दल सविस्तर लिहिलंय, ते मला ठाऊक होतं. पण तिच्यासमोर उभं राहून ऐकणं वेगळं.

मी तुमच्याकडे आलो त्याच वर्षी माझे बाबा गेले होते. मी साताऱ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर जो तो एकच म्हणे, "आता सावर." तुम्हाला मी फक्त "माझे वडील गेले" म्हणालो. तुम्ही काही विचारलं नाहीत. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल आणलंत, त्यावरची धूळ बाहीने पुसलीत, मूर्तीसमोर ठेवलंत आणि बाहेर जाऊन थांबलात. नंतर आलेल्यांनाही दारातच थोपवलंत. मी पोटभर रडलो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

माणुसकी अशीच बिनबोभाट असते. दुसऱ्याच्या देवाला बाहुली म्हणणाऱ्यांना ती कुठून कळणार?

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार कळव." तो कळवतोय. आणि माझाही.

तुमचा,
साताऱ्याचा पाहुणा