मनूस, चेसीच्या गंजाबद्दल

चि. मनू,

तू डीलरकडून घेतलेल्या जुन्या बोलेरोचे पाठवलेले फोटो मोबाईलवर मोठे करकरून बघितले. मागच्या चाकाच्या वर, जिथे पाट्यांचं (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) ब्रॅकेट चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला बसतं, तिथला काळा थर उचललाय आणि खालून पापुद्रे सुटलेत, हा वरवरचा तांबेरा नाहीये गं, गंज आतून बाहेर आलाय. म्हणून सगळ्यात आधी हे ऐक, ती बोलेरो घेऊन दिवे घाट उतरू नकोस, रोपं भरून तर नाहीच नाही, रिकामीसुद्धा नको. पुण्याच्या ऑर्डरी भाड्याच्या टेम्पोने पाठव, चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

घाबरवायला लिहीत नाहीये. पण छोट्या कारचं आणि हिचं वेगळं असतं ते कळायला हवं तुला. कारला बहुतेक वेगळी चेसी नसते, बॉडीच सगळा भार घेते. बोलेरोला खाली दोन लांब पोकळ मेंबर, म्हणजे लोखंडी तुळया असतात, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, आणि इंजिन, स्टिअरिंग, पाटे, बॉडी सगळं त्यांच्यावर उभं. हे मेंबर आतून पोकळ म्हणजे पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, त्यांत चिखल बसला की पाणी आतच राहतं, आणि मग बाहेरचा रंग चकचकीत असला तरी पत्रा आतल्या बाजूने खाल्ला जातो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जिथे दोन पत्रे एकावर एक जोडलेत तिथे तो फुगून त्यांना एकमेकांपासून ढकलतो. तुझ्या तिसऱ्या फोटोत ब्रॅकेटच्या कडेला जी फट दिसते ना, ती तीच.

गाडीचा नंबर एमएच ०८ आहे, म्हणजे नोंद रत्नागिरीची. तिथल्या सगळ्याच गाड्या वाईट असतात असं अजिबात नाही, नीट धुऊन वापरलेल्या कितीतरी चांगल्या गाड्या आहेत कोकणात. पण किनाऱ्याला हवेतच मीठ, आणि पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पाऊस नसला तरी लोखंड ओलं ते ओलंच. त्यात मिरकरवाडा नाहीतर हर्णैच्या बंदरावर मासळी वाहिली असेल तर विचारायलाच नको, बर्फाचं खारं पाणी टपटप चेसीवर पडत राहतं. आणखी एक बघ, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. आपली त्यातलीच असं मी म्हणत नाही, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आत मातीची रेघ आहे का बघ, मॅटखालचा पत्रा आणि सीटचे बोल्टही बघ.

आता तुझ्या त्या मित्राचा सल्ला, की परत एक काळा कोट मारायचा आणि विकून टाकायची. हे करायचं नाही. मनू, आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या खाली झोपून काम केलंय मी, पाट्याचं ब्रॅकेट तुटलं की मागचा ॲक्सल जागेवरून सरकतो आणि ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही, आणि त्या गाडीत कोणाची तरी लेकरं बसलेली असणार. तुला फसवलं म्हणून आपण दुसऱ्याला फसवायचं, हे आपल्या घरात होणार नाही.

आणि लगेच वेल्डिंगही नको. गॅरेजवाला म्हणतोय ना दुपारपर्यंत पॅच मारून देतो, त्याला थांब म्हणावं. गंज कुठपर्यंत गेलाय ते कळल्याशिवाय पॅच मारणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा धरत नाही, वेल्डिंगच्या शेजारी परत फाटतो. आधी हॉइस्टवर, म्हणजे गाडी वर उचलायच्या यंत्रावर चढवून वायर ब्रशने काळा थर काढायचा, मग छोट्या हातोडीने पुढपासून मागपर्यंत ठोकत जायचं, चांगल्या जागी टणटण वाजतं, कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो, तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघायचा आणि खडूने खूण करायची. पाट्यांची पुढची मागची दोन्ही ब्रॅकेट, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला टांगणारी कडी), क्रॉस मेंबरचे जोड, बॉडीचे रबर बसतात त्या जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा. चेसीला धरून मागे गेलेले ब्रेकचे पाईप तर बोट फिरवून बघायचे, ते फुटले तर ब्रेकच गेला. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो हल्ली, तो भोकातून आत घालून आतलं शूट करून ठेव.

हे सगळं आधी का, तर पुरावा. मला फोटोत स्पष्ट दिसतंय की तो काळा कोट वाळलेल्या चिखलावरून मारलाय, नटबोल्ट आणि रबरसुद्धा काळे केलेत. गंजापासून वाचवायला कोणी असं करत नाही, विकायला करतात. माहीत असून मुद्दाम लपवलं तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये ती फसवणूक धरली आहे आणि कलम १९ प्रमाणे तुला करार रद्द करता येतो. तू डीलरकडून घेतलीस, त्याचा तो धंदा आहे, म्हणजे ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते, हेल्पलाईन १९१५. पण आधी त्याला लेखी कळव, फोनवर भांडत बसू नकोस. आणि एकदा तू कापाकापी केलीस की तो म्हणणार हे तुम्हीच केलं.

त्याने गाडी परत घेतलीच नाही तर मग दोनच गोष्टी. गंज एकदोन जागीच असेल तर करू आपण दुरुस्त, पण नीट, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, तेवढ्याच जाडीची प्लेट घ्यायची, चेसीला खालून आधार देऊन आणि कर्णाची, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतली तिरकी मापं घेऊन मगच कापायचं, आणि जोड सरळ उभा मारायचा नाही, तिरका ठेवायचा, उभ्या जोडावर सगळा ताण एकाच रेषेत येतो. आतून मेणाचा स्प्रे. चेसी नंबर ठोकलेल्या जागेला ग्राइंडर लावू द्यायचा नाही कोणाला, आणि चेसीच बदलायची वेळ आली तर आधी आरटीओची परवानगी. गंज जागोजागी निघाला तर मात्र जीव अडकवायचा नाही, नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला द्यायची आणि आरसी रद्द करून घ्यायची. पैसे बुडाल्यासारखं वाटेल, तुझ्या नर्सरीच्या कष्टाचे आहेत ते, मला माहीत आहे, पण ते आपण दोघं मिळून भरून काढू.

मी शनिवारी पहिल्या एसटीने येतोय. गॅरेजवाल्याला सकाळचा हॉइस्ट बोलून ठेव, मी येईपर्यंत हात लावू देऊ नकोस, आणि डीलरची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं एका जागी काढून ठेव, एक मेसेजही डिलीट करू नकोस.

तुझे बाबा