मागचा एक्सल बदलण्याआधी

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. जीप चेरोकीला ३३ इंची टायर आणि मागे डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारं कुलूप) टाकायचं तू नक्की केलंस, आणि आता विचारतोस की मागचा मूळचा एक्सल, डॅना ३५, काढून थेट त्याहून बराच मोठा डॅना ६० बसवावा का. माझं उत्तर: नको. फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीतला एक्सल, म्हणजे फोर्ड ८.८, तुला पुरून उरेल. जे पैसे वाचतील ते चांगल्या शाफ्टमध्ये (चाक फिरवणाऱ्या दांड्यांत) आणि क्राउन-पिनियनच्या, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या, नीट फिटिंगमध्ये घाल. का, ते सविस्तर लिहितो. उद्या कुणी 'एकदाच काय ते मोठं बसव' म्हणून गळ घातली तर हिशेब तुझ्या हाताशी हवा.

एक्सलच्या नावापासून सुरुवात करूच नकोस, टायरपासून कर. तुझं इंजिन साधारण ३०० न्यूटन-मीटर देतं. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८०, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) लो २.७२ आणि एक्सलचं गिअर-प्रमाण ४.५६ धरलं तर गुणाकार १०,४०० च्या पुढे जातो, आणि यात टॉर्क कन्व्हर्टरने होणारी वाढ धरलेलीच नाही. पण एवढा जोर शाफ्टपर्यंत कधी पोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. म्हणून खरा आकडा टायरच्या पकडीचा. भरलेल्या गाडीचं चढावर १,२०० किलो वजन मागे आलं, खडकावर पकड ०.९ धरली आणि ३३ इंची टायरची दबलेली त्रिज्या ०.४० मीटर घेतली, तर दोन्ही चाकं मिळून साधारण ४,२०० न्यूटन-मीटर पेलतात. साध्या डिफमध्ये हे निम्मं-निम्मं वाटलं जातं आणि एक चाक हवेत गेलं की दुसऱ्याचाही जोर जातो. डिफ लॉक लावला की हवेतल्या चाकाचा वाटाही जमिनीवरच्या चाकाकडे जातो, म्हणजे एकाच शाफ्टवर पुरे ४,२००. नुसत्या मोठ्या टायरवर डॅना ३५ बरेच दिवस तग धरतो. डिफ लॉक आला की शाफ्टवरचा भार एकदम दुप्पट होतो आणि मग तो पिळवटतो.

शाफ्टची पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. डॅना ३५ चा शाफ्ट १.१८ इंच, २७ स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा). डॅना ४४ चा १.३१ इंच, ३० स्प्लाइन, एक्स्प्लोररच्या ८.८ चा जवळपास तेवढाच, ३१ स्प्लाइन. दिसायला फरक काडीएवढा, पण ताकद त्याच धातूत जवळजवळ १.४ पट. डॅना ६० चा ३५ स्प्लाइनचा दीड इंची शाफ्ट दुपटीवर जातो. धातूही बघ: ४३४० क्रोमोलीचे शाफ्ट मूळ कार्बन स्टीलच्या शाफ्टपेक्षा बरंच सोसतात, आणि तुटण्याआधी थोडे पिळतात. बाहेर काढलेल्या शाफ्टच्या स्प्लाइन सरळ रेषेत नसून किंचित वळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट संपला, मग तुकडा पडलेला नसला तरी.

क्राउनचा व्यास ही लोकांची आवडती मोजपट्टी: डॅना ३५ चा ७.५८ इंच, ४४ चा ८.५, फोर्डचा ८.८, डॅना ६० चा ९.७५. मोठा क्राउन चांगलाच, पण ३३ इंची टायरवर आधी शाफ्ट जातो. क्रायस्लर ८.२५ हेच दाखवतो. तुझ्याच चेरोकीत काही वर्षं तो मूळचा यायचा, त्यामुळे जसाच्या तसा बसतो. जुना २७ स्प्लाइनचा घेऊ नकोस. १९९७ पासूनचा २९ स्प्लाइनचा बरा, पण त्याचाही शाफ्ट १.२१ इंचच. ३१ इंची टायरवर थांबणार असशील तर तो घे आणि या पत्राचा पुढचा भाग वाचूही नकोस.

डॅना ४४ मिळाला तर सोनं. १९८० च्या दशकाच्या शेवटी टोइंग पॅकेजच्या काही चेरोकींना तो आला होता, त्याच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका तुझ्याच मापाच्या आणि त्यात सी-क्लिप नाही (ती काय, ते पुढे सांगतो). पण तो सापडणं कठीण, आणि सापडला तर विकणाऱ्याला त्याची किंमत चांगली ठाऊक असते. घेतलास तर एक लक्षात ठेव: डॅना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या गिअरला एक कॅरियर (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा), ३.९२ आणि वरच्याला दुसरा. गिअर बदलायचा म्हणजे डिफ लॉकही त्याच गटाचा घ्यायचा.

आता डॅना ६० नको का. एक तर त्याच्या बहुतेक हबला आठ बोल्ट असतात, साडेसहा इंचाच्या वर्तुळावर. पुढे तुझा पाच बोल्टचा डॅना ३० राहणार, म्हणजे स्टेपनी दोन बाळगायच्या किंवा पुढचंही सगळं बदलायचं. दुसरं, डिफचा गोळा. टायर वाढवून मिळवलेली जमिनीपासूनची उंची तो अर्धीमुर्धी परत घेतो आणि प्रत्येक दगडाला आधी तोच टेकतो. तिसरं वजन, तेही स्प्रिंगच्या खालचं: पाटे उसळी आवरू शकत नाहीत आणि खडबडीत रस्त्यावर मागची बाजू नाचते. फोर्ड ९ इंची भक्कम आहे, पुढून सगळा गाभा एका तुकड्यात बाहेर येतो, पण त्याचा पिनियन क्राउनच्या मध्यापासून फार खाली. दात जास्त घासतात, तेल जास्त तापतं, आणि उचललेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा (ट्रान्स्फर केसपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याचा) कोन आणखी तीव्र होतो. जनरल मोटर्सचा १४ बोल्ट म्हणजे १०.५ इंची क्राउन, पिनियनला तिसरं बेअरिंग, फुल-फ्लोटिंग हब. ३७ इंची टायरच्या जड गाडीसाठी त्याच्यासारखा नाही. तुझ्या गाडीखाली तो नुसता भार होईल.

फुल-फ्लोटिंगचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यात गाडीचं वजन हब आणि ट्यूबवर असतं आणि शाफ्ट फक्त फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. ८.८ सेमी-फ्लोटिंग आहे आणि सी-क्लिपचाही आहे: शाफ्टच्या आतल्या टोकाला इंग्रजी सीच्या आकाराची चकती, तीच शाफ्टला आत धरून ठेवते. शाफ्ट तुटला तर बाहेरचा तुकडा चाकासकट सरकत बाहेर येऊ शकतो. डिस्क ब्रेक असले तर कॅलिपर त्याला थोडा वेळ अडवतो, पण त्यावर भिस्त ठेवायची नाही. क्लिप काढून टाकणारे संच मिळतात. काहींचे सील गळतात आणि बेअरिंग लवकर जातात. त्यापेक्षा चांगले क्रोमोली शाफ्ट घे, आणि लांबच्या वाटेवर एक जादा शाफ्ट सोबत ठेव.

आता एक्सल शोधताना. १९९५ ते २००१ च्या एक्स्प्लोररचा घे, त्याला मागे डिस्क आणि पाच बोल्ट ४.५ इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे तुझीच चाकं बसतील. मस्टँगचा ८.८ नको, त्यात बहुधा २८ स्प्लाइनचे शाफ्ट येतात. कव्हरच्या बोल्टला पत्र्याची पट्टी लटकत असते, तिच्यावर '३ ७३' असेल तर साधा डिफ, मध्ये 'एल' अक्षर असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक फार घसरू न देणारा डिफ. पट्टी गंजून गेली असेल तर कव्हर उघडून क्राउनचे दात मोज आणि पिनियनच्या दातांनी भाग.

शाफ्ट बाहेर काढून बघितल्याशिवाय व्यवहार करू नकोस. या एक्सलमध्ये चाकाच्या बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात. तिथे बोटाचं नख अडेल एवढी खाच पडली असेल तर नवं बेअरिंग घालून उपयोग नाही. शाफ्ट काढायला कॅरियरमधली आडवी पिन काढावी लागते आणि तिला अडवणारा छोटा बोल्ट या एक्सलचं नाजूक दुखणं आहे, पुष्कळदा डोक्याशीच तुटतो. नीट बसणारा सॉकेट, थोडी उष्णता, झटका नाही. पिन बाहेर असताना शाफ्ट फिरवू नकोस, नाहीतर आतले छोटे गिअर घरंगळून बाहेर येतात. परत बसवताना तो बोल्ट नवाच घाल, थ्रेडलॉक लावून.

ट्यूब मधल्या ओतीव घरात दाबून बसवलेल्या आणि ठरावीक जागी वेल्ड केलेल्या असतात. जोर आला की त्या आत फिरतात, पिनियनचं तोंड वर जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळणारा सांधा) सुटतो. म्हणून ट्यूब घराला गोल वेल्ड करून घे. घर ओतीव, ट्यूब स्टीलची, तेव्हा साध्या रॉडने केलंस तर कडेने तडा जाणार. घर आधी २०० ते २५० अंश सेल्सियस तापव, निकेलचा रॉड वापर, छोटे टाके आलटून पालटून दोन्ही बाजूंना, आणि नंतर वेल्डिंगच्या उष्णतारोधक कापडाखाली सावकाश थंड होऊ दे. सील आणि बेअरिंग आधी काढ, तेल पुसून काढ, आणि आतून सरळ दांडा घालून ट्यूब वाकली नाही ना ते पाहा.

पिनियन मध्यावर नसतो, थोडा उजवीकडे असतो. बरेच लोक लांब बाजूची ट्यूब सुमारे तीन इंच कापून दोन्हीकडे लहान शाफ्ट घालतात. मग पिनियन मध्यावर येतो आणि एकच जादा शाफ्ट दोन्ही बाजूंना चालतो. तुझ्या चेरोकीला मूळ रुंदी जवळपास जुळते, त्यामुळे कापू नकोस.

पाट्यांच्या बैठका हे सगळ्यात संयमाचं काम. आधी फक्त टाके मार. मग गाडी चाकांवर, पूर्ण वजनावर उभी कर. लिफ्टवर लटकलेल्या गाडीवर घेतलेला कोन खोटा असतो. प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील तर पिनियनचा कोन ट्रान्स्फर केसच्या आउटपुटला समांतर हवा. ट्रान्स्फर केसकडे दुहेरी क्रॉसचा शाफ्ट असेल, आणि उचललेल्या गाडीला तोच बरा, तर पिनियन थेट त्याच्याकडे बघेल पण एक-दोन अंश खाली. जोर लावला की पाटे पिळून पिनियन वर उचलला जातो, त्यासाठी ही सवलत. कोन चुकला तर साधारण वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉसचं ग्रीस जळून तांबूस पूड बाहेर येते. ८.८ ची ट्यूब ३.२५ इंची, त्यामुळे यू-बोल्ट आणि प्लेट नव्याच लागतील. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत. नवेही शंभर किलोमीटरनंतर परत आवळ.

गिअरचं प्रमाण: मूळ प्रमाण गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. तुझे ३.५५ आणि मूळचा २८.३ इंची टायर, म्हणून ३३ ला ४.१४. ४.१० घेतलास तर गाडी जवळपास पूर्वीसारखी. पण नव्या टायरचं वजन आणि घर्षण या सूत्रात येत नाही, म्हणून मी ४.५६ घेईन. शंभरच्या वेगाला ओव्हरड्राइव्हमध्ये साधारण २,१७० आरपीएम, मूळ गाडीच्या जेमतेम २०० वर. मात्र पुढचा डॅना ३० देखील ४.५६ च हवा. पुढे ३.५५ आणि मागे ४.५६ ठेवून फोर-व्हील घातलंस तर ट्रान्स्फर केसची चेन आणि गिअर एकमेकांशी झगडत बसतील. स्पीडोमीटरचा प्लॅस्टिकचा छोटा गिअरही बदल.

पिनियन बसवताना घाई नको. योकही (पिनियनला क्रॉस जोडणारा तुकडाही) त्याच वेळी बदल, कारण ८.८ ला गोल फ्लँज असतो आणि तुझ्या शाफ्टला १३१० चा क्रॉस. पिनियनच्या दोन बेअरिंगमधली दबणारी नळी नट आवळताना हळूहळू चपटी होते. नव्या बेअरिंगला पिनियन फिरवायला १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर लागेपर्यंतच आवळ. जास्त झालं तर नट सैल करून चालत नाही, नळी नवी घालावी लागते. दोन-तीन जादा आणून ठेव. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) गिअरच्या डब्यातल्या कागदाप्रमाणे ठेव, बहुतेक संचांत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो. मग दातांना पिवळा रंग लावून, क्राउनला थोडा अडथळा देऊन फिरव. ठसा दाताच्या माथ्याकडे असेल तर पिनियन आत घ्यायला हवा, मुळाकडे असेल तर बाहेर. इथे पाव मिलिमीटर शिम (पातळ चकती) म्हणजे फार मोठा बदल. पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर सावकाश चालवून पूर्ण थंड होऊ दे, आठशे किलोमीटरला तेल बदल.

तेल ७५डब्ल्यू-१४०, सुमारे अडीच लिटर. पण पिनियन वर केला असशील तर भरण्याचं भोकही सरकलेलं असतं, म्हणून भोकाची पातळी न मानता मोजून भर. हवा सुटण्याची नळी चेसिसपर्यंत वर ने, नाहीतर गरम एक्सल ओढ्यात थंड होताना सीलमधून पाणी ओढून घेतो.

मागे डिस्क आल्यावर ब्रेकचा तोल बदलतो. तुझा व्हॉल्व्ह ड्रमसाठी बेतलेला आहे. बदलता येणारा प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) घाल आणि मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारून बघ: मागची चाकं आधी जाम होत असतील तर मागचा दाब कमी कर. हँडब्रेकची केबल बहुधा जुळणार नाही, तिचं आधीच बघ.

एक्सल आणायच्या आधी मला तीन मापं कळव: मागच्या एका चाकाच्या बैठकीपासून मागच्याच दुसऱ्या चाकाच्या बैठकीपर्यंतची रुंदी, दोन पाट्यांच्या मध्यबोल्टमधलं अंतर, आणि ट्रान्स्फर केसच्या आउटपुटचा कोन, गाडी सपाट जमिनीवर टाकी भरून उभी असताना. बैठका कुठे येतील ते मी काढून पाठवतो.

तुझा,
अविनाश