मी पळत नाही, ड्युटी चालवते

बोल्टन, इंग्लंड
8 फेब्रुवारी

ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते. अमोलला आणि गोलूला आशीर्वाद.

मी इकडे मजेत आहे. जेवण होते, झोप होते, थंडीचं काही नाही, घरात हीटर आहे. फोनवर बाबा "बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होतात आणि आई नुसती हं हं करते, म्हणून लिहायला बसले. पत्र गोलूनंच वाचून दाखवावं, फक्त मधे मधे पदरचं काही घालू नये. सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला आहे.

तर आधी तेच. बाबा, मी इथे रात्रभर पळत नाही. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून बोलली ती आमच्या वृद्धाश्रमाची मॅनेजर. तुम्हाला पाहून ती कौतुकानं म्हणाली की रात्री इथलं सगळं ही पोरगी 'रन' करते. गोलूला शाळेत रन म्हणजे पळणे, एवढंच शिकवलेलं. त्यानं सांगितलं, ताईला रात्री पळवतात. ते काकूच्या ओट्यावर गेलं, तिथून हापशीवर, आणि आता आई मला सांगते की बाया विचारून राहिल्या, पोरगी कोणासंग पळाली? आई, पळून जायचं असतं तर घाटंजीच्या स्टँडवरून एसटीत बसले असते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा देऊन, विसा काढून, लोकांच्या म्हाताऱ्यांचे बीपी मोजायला कोणी साता समुद्रापार येत नाही.

मॅनेजरचं म्हणणं एवढंच होतं की रात्रीची ड्युटी मी चालवते. रात्री नर्स मी एकटीच असते, हाताखाली मदतनीस असतात. कोणाला कोणती गोळी द्यायची, कोणाला कुशीवर वळवायचं, डॉक्टरांना कधी फोन करायचा, ते मी ठरवते. थोडक्यात, मी तिथली मोठी बाई आहे. हे काकूला जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

आता या 'रन'चं नीटच सांगते, म्हणजे पुन्हा कोणी घाबरणार नाही. या लोकांना एकाच क्रियापदात सगळं कोंबायची खोड आहे. आपल्याकडे गिरणी चालते, दुकान चालते, मोटर चालते, घड्याळ चालते, ढकलत ढकलत का होईना संसारही चालतो. यांच्याकडे हे सगळं पळते. आपली शकुंतला आगगाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची, तिच्याबद्दलही हे लोक ती 'रन' व्हायची असंच म्हणतील. तिला पळताना कोणी पाहिलं होतं, आजीला विचारा.

बरं, मशीनवर थांबले असते तर ठीक होतं. परवा सकाळी ड्युटी देताघेता समोरची बाई एका दमात म्हणाली की अकरा नंबरचे बाबा टेंपरेचर 'रन' करून राहिले, हातमोजे 'रन' होत आले, लिफ्ट 'रन' होत नाही आणि मी स्वतः लेट 'रन' होऊन राहिली. म्हणजे बाबांना ताप आहे, मोजे संपत आले, लिफ्ट बंद आहे आणि तिला उशीर झाला आहे. चार वेळा पळणं झालं आणि बाई खुर्चीवर बसून चहा पीत होती.

नाक वाहिलं तरी रन. नळ सोडला तरी रन. म्हातारी म्हणते माझी बाथ 'रन' कर, तेव्हा टबात कोमट पाणी भरून ठेवायचं असते. लाल ओढणी पांढऱ्या चादरींत धुतली गेली तर रंग 'रन' झाला. रस्त्यात कोणी अचानक भेटलं तर त्याच्यात 'रन' झालो. कोणाला साखरेचा आजार असेल तर तो घराण्यात 'रन' होते. माणूस थकून गेला की 'रन डाऊन', घड्याळाचा सेल उतरला तरी 'रन डाऊन', आणि चारचौघांत कोणाची निंदा केली तर तेही 'रन डाऊन'च. काकूला हा शब्द उपयोगी पडेल.

एका ठिकाणी मात्र हे आपल्यासारखे निघाले. अमेरिकेत निवडणुकीला माणूस 'रन' होते, पण इंग्लंडमध्ये तो उभा राहतो. मी सांगितलं, आमच्याकडे सरपंचकीलाही उभेच राहतात, निवडून आल्यावर बसतात.

हे सगळं मला शिकवतात ते इथले एक म्हातारे मास्तर. जन्मभर शाळेत शिकवलं, आता गुडघे गेले. त्यांची झोप पहाटे चारला उघडते आणि बेल वाजते. मी जाईपर्यंत त्यांनी दिवा लावलेला असतो, मांडीवर पेपर, नाकावर चष्मा आणि वरून भिंग, हातात बोटाच्या पेरापेक्षा लहान झालेली पेन्सिल. शब्दकोडं सोडवतात. बिस्कीट चहात बुडवून बोलत बसतात, ते तुटून कपात पडते, मग चमच्यानं काढून खातात आणि मला म्हणतात, तू पाहिलं नाहीस. कोड्यांची यांची रीत उलटी. 'फ्लॉवर' आलं की फूल समजायचं नाही; जी 'फ्लो' होते, वाहते, ती 'फ्लो-अर', म्हणजे नदी. मी म्हटलं, आमच्याकडे फ्लॉवर म्हणजे आलूत घालायची भाजी. तेव्हापासून ते मला आलूचा भाव विचारतात.

मास्तर रनचं एक वाक्य टाकतात, मी तो शब्द न वापरता तेच सांगायचं. पाणी आलं की 'फ्लो', मशीन आली की 'ऑपरेट', शाळा-दवाखाना आला की 'मॅनेज', रस्ता दूरवर गेला असेल तर 'एक्स्टेंड'. परीक्षेला मी हेच मोठे शब्द घोकले होते आणि त्यांनी मार्क मिळाले. पण इथे घरात कोणी तसं बोलत नाही. मी एकीला विचारलं, ही संस्था कोण ऑपरेट करते, तर ती माझ्याकडे पाहतच राहिली, जणू मी कोर्टाचं समन्स आणलं आहे. गोलू, तुझ्या दहावीसाठी मोठे शब्द पाठ कर, पण बोलायला लहानच शिक.

मास्तरांनीच सांगितलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी या एका क्रियापदाचे अर्थ वेगळे करायला एका संपादकाला नऊ महिने लागले आणि ते 645 भरले. आई, नऊ महिने! एक लेकरू झालं असतं. त्याआधी 1989 च्या आवृत्तीत पहिला नंबर 'सेट'चा होता, त्याचे 430. मी विचारलं, याच शब्दाला एवढे अर्थ काहून फुटले? तर त्यांनी खिडकीकडे हात केला. बाहेर जुन्या गिरणीचं धुराडं आहे. ते म्हणाले, यंत्रं आली आणि या शब्दाला काम लागलं; आधी माणसं-घोडी पळत होती, मग चाकं, पट्टे, गाड्या, कारखाने.

बाबा, हे बोल्टन कापसाचंच गाव होतं. सूत कातायचं 'म्यूल' नावाचं यंत्र 1779 मध्ये इथल्याच क्रॉम्प्टननं बनवलं. आणि 1861 ते 65 अमेरिकेत आपसात लढाई झाली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा आपल्या वऱ्हाडचा कापूस या भागातल्या गिरण्यांत आला. मास्तरांना मी सांगितलं की माझे बाबा आजही पऱ्हाटीच लावतात. त्यांनी भाव विचारला. मी सांगितला. ते काही बोलले नाहीत, बिस्कीट पुढे केलं.

आता बाकीच्या चौकशांचं. मी वाळले नाही, कॅमेऱ्यात तशी दिसते. रात्रीच्या ड्युटीचे पैसे जास्त मिळतात, म्हणून मीच मागून घेतली आहे, कोणी लादली नाही. डोळ्यांखाली काळं दिसते ते दिव्यामुळे. आणि रात्री जागतेस म्हणून माझ्यावर चिडण्याआधी बाबांनी सांगावं, लाइन रात्रीची आली की बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला कोण जाते? तिकडे दीड वाजलेला असतो तेव्हा इकडे आठ वाजतात, मी ड्युटीवर चढत असते आणि माझ्या डोळ्यांपुढे तुरीतला साप येतो. माझ्याकडे निदान लाइट आहे, गरम खोली आहे. गमबूट घालत जा. मागच्या वेळी पैसे पाठवले ते बुटांसाठीच होते, त्याचं युरिया आणलं हे अमोलनं मला सांगितलं आहे.

पैशाचं. आज साठ हजार टाकले. त्यातून आधी आईचा गोफ सोडवा, राहिलेल्यात भर घालून मार्चअखेरच्या आधी पीककर्जाचं नवं-जुनं करून घ्या. कापूस भाव वाढेल म्हणून घरात ठेवला असेल तर ठेवा. पण माझ्या लोनचा हप्ता आहे म्हणून पडेल भावात काढू नका. हप्ता माझा मी भरते. ते लोन तुमच्या डोक्यावर कधी येणार नाही, हे मी विमानतळावर बोलले होते, आताही तेच म्हणते.

अमोलच्या साक्षगंधाला मला येता येणार नाही. लग्नाची सुट्टी मिळाली आहे, दोन्हीची मिळत नाही, आणि तिकीट दोनदा परवडतही नाही. मला काही वाईट वाटलं नाही, खरंच. व्हिडिओ लावा, मी अर्धी रजा टाकून बसते. फक्त मोबाईल आजीच्या हातात देऊ नका. ती मला कपाळाला लावते आणि मग मला नुसता अंधार दिसते, बोलणंही ऐकू येत नाही.

मोठीच्या आधी लहान्याचं कसं, असं मामा विचारतात म्हणे. त्यांना सांगा, मीच सांगितलं म्हणून. पोरीकडच्यांना ताटकळत ठेवू नका, पोरगी चांगली आहे. वर्ध्याचं स्थळ माझ्यासाठी थांबलं असेल तर त्यांना नाही कळवा, उगाच आशेवर ठेवणं बरं नाही. इकडे माझं कोणी नाही. असलं तर पहिले तुम्हालाच सांगीन, काकूच्या आधी. आणखी दोन वर्षं द्या मला, लोन फिटू द्या, बोअर होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथे पाहू. बाबा, यावर फोनवर गप्प बसू नका. रागवायचं असेल तर रागवा.

मंडपवाल्याचा आणि बँडचा बयाणा अमोलच्या हातानं नको, तो भाव करत नाही. काकांना पाठवा.

तुमची,
छाया

ता. क. मानपानात नवरीकडून माझ्या नावाची साडी घेऊ नका. अडूनच बसले तर सुती सांगा, आणि आईला दोन दिवस आधी नेसू द्या.