प्रस्तावनेला रबरबँड लावणाऱ्या ग्रंथपालबाईंना

बाई, सप्रेम नमस्कार, वि. वि.

जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणि शार्लट ब्राँटीचं 'जेन एअर' यांतलं एकच आवडतं निवडायचं तर कुठलं, या प्रश्नाला तुम्ही काउंटरवर उत्तरच दिलं नाहीत. दोन्ही पुस्तकं एकदम पुढे सरकवलीत. 'जेन एअर'च्या मलपृष्ठावर खाकी कागद डकवलेला, आणि प्रस्तावनेची सगळी पानं मुखपृष्ठासकट एकत्र धरून त्यांना रबरबँड. रबराखाली चिठ्ठी, पेन्सिलीनं दोनच शब्द: 'हे शेवटी.'

आभार मुख्यतः त्या रबरबँडचे आहेत. वर्गणी, पावती, मुदतवाढ वगैरे गोष्टी सगळीकडेच होतात.

तुमच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचंही बोलून घेतो, राग अजून गेलेला नाही. एका सरांनी 'दोन्हीवर सिनेमे आहेत, ते बघा, वेळ वाचेल' म्हणून वाटेला लावलं. परीक्षेच्या एका गाईडनं तर 'जेन एअर'चं गुपित पहिल्याच परिच्छेदात फोडलं होतं. एका व्हॉट्सॲप गटात रीतसर मतदान झालं. मत देणाऱ्यांपैकी किती जणांनी दोन्ही पुस्तकं शेवटपर्यंत वाचली आहेत, हे मात्र कोणीही विचारलं नाही.

आणि 'जेन एअर' तर गुपितावरच उभं आहे. १८४७ साली ते तीन खंडांत निघालं तेव्हा लेखकाचं नावसुद्धा टोपणनाव होतं, करर बेल, आणि वर 'आत्मचरित्र' असा शिक्का. ११व्या प्रकरणात, नायिका जेन जिथे गव्हर्नेस म्हणून मुलीला शिकवायला राहते त्या थॉर्नफील्ड वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरून जे हसू ऐकू येतं ते कोणाचं, हे २६व्या प्रकरणापर्यंत कळत नाही. मधली चौदा प्रकरणं वाचकानं जेनच्याच इतकं अंधारात असायला हवं. गुपित आधी कळलं की तिथला मालक रॉचेस्टर याचं प्रत्येक वाक्य आपण पोलिसासारखे तपासत बसतो, आणि जेनला तो का आवडतो हेच मुळी समजत नाही. मग 'मला डार्सीच आवडतो', म्हणजे 'प्राइड'चा नायक, असा निकाल लागतो. तो निकाल मलपृष्ठाचा, वाचकाचा नव्हे. (या पत्रातही गुपित फोडत नाही, निर्धास्त असा.)

दुसरी गोष्ट तुमच्या आकड्याची. दोन्ही पुस्तकांत खुणेची चिठ्ठी एकाच आकड्याची निघाली: ३४. 'दोन्हीकडचं ३४वं लागोपाठ वाचा, मग ठरवा.' आधी वाटलं काहीतरी गंमत असेल. मग उघडून पाहिलं. दोन्हीकडे ३४व्या प्रकरणात लग्नाची मागणी आहे आणि दोन्हीकडे नकार आहे! पुढच्या वाचकांसाठी एक सूचना चिठ्ठीवर वाढवावी: काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडात प्रकरणं पुन्हा १ पासून मोजतात. तिथे ऑस्टिनचं ३४वं म्हणजे दुसऱ्या खंडातलं ११वं, आणि ब्राँटीचं ३४वं म्हणजे तिसऱ्या खंडातलं ८वं.

पहिल्यात डार्सी. नायिका एलिझाबेथ एकटी, डोकं दुखतंय, आणि हा खोलीत येरझाऱ्या घालून अचानक प्रेम जाहीर करतो. पण प्रेमापेक्षा तिच्या घराण्याच्या कमीपणावर जास्त बोलतो. ती नाही म्हणते तेव्हा तो शेकोटीच्या फळीला टेकलेला असतो, रागानं पांढराफटक. दुसऱ्यात एक तरुण पाद्री, तोही कड्याला टेकून, हाताची घडी घालून. हा तर प्रेमाचं नावच काढत नाही. तू कष्टासाठी घडली आहेस, प्रेमासाठी नाही, असं तोंडावर सांगतो. त्याला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात यायचंय, २० जूनच्या जहाजावर जागाही धरून झालीय. त्याआधी त्यानं जेनचं जर्मन बंद करून तिला हिंदुस्थानीचे धडे द्यायला सुरुवात केलेली असते. आपल्याकडचा वाचक इथे दचकतोच. जेन म्हणते, बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. ते त्याला चालत नाही.

या नकारांमागे पैशाचा हिशेब आहे आणि तो मांडल्याशिवाय निवड करू नये. एलिझाबेथच्या नावावर काय, ते १९व्या प्रकरणात तिला मागणी घालणारा नातलग कॉलिन्स स्वतःच ऐकवतो: आईच्या पश्चात चार टक्के व्याजाचे हजार पौंड. म्हणजे वर्षाला ४० पौंड, तेही केव्हातरी. डार्सीचे वर्षाला १०,०००. जेन गव्हर्नेस म्हणून राबून वर्षाला ३० पौंड मिळवते, आणि लोवुडच्या शाळेत शिकवताना त्याच्या निम्मे. एलिझाबेथला 'नाही' म्हटल्यावर रात्री झोपायला घर असतं. जेनचा याआधीचा एक नकार आहे, २७व्या प्रकरणातला, त्यानंतर तिला तेवढंही नसतं.

पुस्तक हातातून सुटतं कुठे, तेही तुम्ही बरोबर हेरलं होतंत. 'जेन एअर' बहुतेक जण लोवुडला सोडतात, ५ ते १० या प्रकरणांत. थंडी, करपलेली लापशी, ताप, आणि नायकाचा पत्ता नाही. रॉचेस्टर १२व्यात येतो, तोही बर्फावरून घोड्यासकट घसरून पडत. तिथवर धीर धरायचा, एवढंच. 'प्राइड'मध्ये घोळ नावांचा होतो. 'मिस बेनेट' म्हणजे फक्त थोरली, जेन. बाकीच्या बहिणींना पहिलं नाव जोडून हाक मारायची. हे कळलं नाही तर पहिल्या दहा प्रकरणांत कोण कोणाशी नाचतंय ते उमगत नाही. त्यात भर म्हणजे एक जेन लेखिका, एक जेन बहीण आणि दुसऱ्या पुस्तकात एक जेन नायिका. आणि पहिलंच वाक्य, श्रीमंत अविवाहित माणसाला बायको हवीच असते, हे सरळ अर्थानं वाचलं की पुढचं सगळं सपक. ते टोमणा म्हणून मोठ्यानं वाचायचं. संक्षिप्त आवृत्त्यांत नेमका हा टोमणेबाज सूरच हरवू शकतो, म्हणून तुम्ही त्या दिल्या नाहीत, हे आता कळतं.

गंमत म्हणजे ही निवड खुद्द शार्लट ब्राँटीलाही करावी लागली होती. समीक्षक लुइस यांनी ऑस्टिनची शिफारस केली, तेव्हा 'जेन एअर' छापून झालं होतं आणि 'प्राइड'चं पानही तिनं पाहिलेलं नव्हतं. वाचून जानेवारी १८४८ मध्ये तिनं कळवलं: कुंपण घातलेली, निगुतीनं राखलेली बाग आहे, पण मोकळं रान नाही, ताजी हवा नाही. शिफारशीच्या ओझ्याखाली वाचलं की असं होतं. तुम्ही मात्र आमच्यावर ते ओझं टाकलं नाहीत. तुमचं आवडतं कुठलं, हे आजही आम्हाला ठाऊक नाही.

आमचं सांगतो. 'प्राइड', पण थोड्याच फरकानं. जेनचा नकार जास्त महाग आहे, त्यात वाद नाही. पण एलिझाबेथनं ३४व्यात सुनावलेलं एक वाक्य, सभ्य गृहस्थासारखं वागला असतात तर, हे डार्सी ५८व्या प्रकरणात शब्दशः आठवून सांगतो. मधले महिने ते वाक्य त्याला टोचत राहिलेलं असतं आणि तो स्वतःहून सुधारतो. रॉचेस्टर कशानं बदलतो ते ३६व्यात कळतं, आणि आमचा आक्षेप तिथेच आहे. रबराच्या पलीकडचा असल्यानं इथे लिहीत नाही, समक्ष भांडू.

जाता जाता, तो रबर आता चिकट व्हायला लागलाय, पानावर डाग पडायच्या आत काढून ठेवला आहे. सोबत वारभर सुती नाडी पाठवत आहोत. ती 'प्राइड'च्या नव्या प्रतीलाही लागेल. तिच्या प्रस्तावनेत चौथ्याच पानावर धाकट्या बहिणीचं प्रकरण फोडलेलं आहे.

आपले,
वाचनालयाचे वर्गणीदार