तुम्हा दोघांच्या डोक्याचे माप हवे आहे

तुरीन, इटली,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाकडे ईमेलने पाठवत आहे. त्याने ते मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हाती द्यावे, असे मी त्याला सांगितले आहे. फोनवर आपले बोलणे होते. पण तिथे कृती सांगायला घेतली की निम्मे आई ऐकते, निम्मे बाबा ऐकतात आणि मीठ कोणीच ऐकत नाही. शिवाय मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती लेखी मागितली म्हणजे विसरली जाणार नाही.

बाबा, नवी कवळी बसवल्यापासून तुम्हाला भाकरी चावत नाही आणि महिनाभर मऊ भात व आमटी यांवरच तुमचे रात्रीचे जेवण चालले आहे, हे आईने गेल्या बुधवारी सांगितले, तेव्हापासून माझ्या जिवाला लागून राहिले आहे. मऊ तर हवे, पण पथ्याचे वाटू नये, ताटात आल्यावर भूक लागावी, असे काय करता येईल याचा विचार करताना मला इथल्या घराघरांत रविवारी होणारा ओव्हनमधला पास्ता आठवला. इथे त्याला ‘पास्ता आल फोर्नो’ म्हणतात, म्हणजे भट्टीतला पास्ता. काल संध्याकाळी बाहेर दाट धुके पडले होते. मी तो आपल्या घरातल्या साहित्याने आणि तुमच्या तोंडाला रुचेल असा करून पाहिला. तो चांगला झाला, म्हणून लिहिते आहे.

पास्ता हा शब्द ऐकून आईने नाक मुरडू नये. ज्या कठीण, पिवळसर बन्सी गव्हाच्या शेवया आजी उन्हाळ्यात अंगणात बाजेवर वाळत घालायची, त्याच जातीच्या गव्हाच्या रव्याचा इथला वाळवलेला पास्ता असतो. त्या जातीला इंग्रजीत ड्युरम म्हणतात. आणि सांगलीच्या आपल्या खिरीचा खपली गहू इथल्या दुकानांत ‘फार्रो’ या नावाने मिळतो. पहिल्यांदा ती पिशवी हातात घेतली तेव्हा मी दुकानात बराच वेळ तशीच उभी राहिले होते. मैद्याचा पास्ता मात्र आणू नये. तो लगेच गाळ होतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा असे लिहिलेले पाहूनच दादाने आणावा, नळीच्या आकाराचा, दोघांसाठी दोनशे ग्रॅम.

सारणासाठी बोलोन्या शहराकडे मांसाचा रस्सा करतात. त्याला ‘रागू’ म्हणतात आणि त्याचा तिथल्या लोकांना इतका अभिमान आहे की १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीने त्याची कृती बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवून ठेवली. आपल्यासाठी मी मांसाच्या जागी अख्खा मसूर घेतला. इथेही मसुराचा रागू करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मी काही भलते केले असे नाही. अर्धी वाटी मसूर चार तास भिजवून बोटाने दाबला जाईल इतका शिजवून घ्यावा. एक कांदा आणि एक गाजर अगदी बारीक चिरून दोन चमचे तेलात, मंद आचेवर, झाकण ठेवून पंधरा मिनिटे परतावे. या पंधरा मिनिटांत घाई करू नये, कारण सगळी गोडी तिथेच येते. इथे त्यात सेलरीही घालतात. ती मिळाली तर घाल, न मिळाल्यास सोडून दे, पण तिच्या जागी कोथिंबीर घालू नकोस. मग अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, साल काढून, कुस्करून, नंतर मसूर, आणि मग सगळे मिळून पाऊण तास उकळत ठेवावे. जिरे, हळद, तिखट काही नको. मीठ बाबांच्या रक्तदाबाला चालेल इतकेच. टोमॅटो आटला की कमी मीठही पुरते, हे मी चाखून सांगते आहे.

आता पांढरा रस्सा, ज्याला इथे ‘बेशामेल्ला’ म्हणतात. तीस ग्रॅम लोणी वितळवून त्यात तीस ग्रॅम मैदा घालावा आणि कच्चा वास जाईपर्यंत, पण रंग न बदलू देता, दोन मिनिटे हलवावा. त्यात चारशे मिलिलिटर कोमट दूध थोडे थोडे ओतायचे. आई, हे तुला कोणी शिकवायला नको, कारण गुठळी न होऊ देता पिठले घेरण्याचा तुझा हात आहे आणि इथेही सगळे कौशल्य तेवढेच आहे: पहिल्या पळीभर दुधाला पीठ एकदम घट्ट गोळा होते, मन धसकते, पुढच्या पळीला ते सैलावते आणि चौथ्या-पाचव्या पळीनंतर चमच्याच्या पाठीवर साईसारखा थर राहू लागतो. त्या क्षणी गॅस बंद करावा. वरून जायफळ किसावे, श्रीखंडाला घालतेस त्याच्या निम्मे. काल ते किसताना तुझ्या स्वयंपाकघराचा वास माझ्या खोलीत आला.

पास्ता पाकिटावर लिहिले असेल त्यापेक्षा दोन मिनिटे कमी उकडावा. उरलेला तो ओव्हनमध्ये रस पिऊन शिजतो आणि अगदी मऊ होतो. मग तो मसुरात आणि निम्म्या पांढऱ्या रश्शात कालवून ओटीजीच्या काचेच्या भांड्यात भरावा, उरलेला पांढरा रस्सा वर पसरावा, त्यावर किसलेले चीज. चीजबद्दल एक सांगायला हवे. इथले प्रसिद्ध ‘पार्मिज्यानो’ वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, म्हणून ते मी तुमच्यासाठी आणणार नाही. आपल्याकडचे हिरव्या ठिपक्याचे चीज चांगले वितळते आणि ते पुरेसे आहे. १८० अंशांवर पंचवीस मिनिटे ठेवावे, शेवटची पाच मिनिटे फक्त वरची कॉइल चालू ठेवावी. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे हात लावू नये, नाहीतर सगळे ताटात वाहते. कडेला जो खरपूस पापुद्रा धरतो त्यासाठी इथे मुले भांडतात, जशी मी आणि दादा बासुंदीच्या खरवडीसाठी भांडत होतो. तो आईने घ्यावा, आणि बाबांना मधला भाग वाढावा.

ही पंचवीस मिनिटे ओव्हनसमोर बसून मी काय करत होते, हे सांगितले म्हणजे पत्राचा दुसरा विषय निघेल. मी एका हॅटचा फोटो पाहत होते.

तुरीनमध्ये दर शनिवारी ‘बालोन’ नावाचा जुना बाजार भरतो. काल सकाळी तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर मला बायकांची एक हॅट दिसली. डाळिंबी रंगाचा फेल्ट, म्हणजे न विणता दाबून केलेले लोकरी कापड, घंटेसारखा आकार, कपाळावर भुवयांपर्यंत उतरणारी अरुंद कड आणि डाव्या बाजूला काळ्या रेशमी फितीची चपटी गाठ. या घाटाला ‘क्लॉश’ म्हणतात, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच घंटा, आणि १९२० च्या दशकात युरोपातल्या बायका ही घालत होत्या. बाईंनी ती उलटी करून माझ्या हातात दिली. आतल्या अस्तराला घड्या पडल्या होत्या आणि चामड्याची पट्टी कपाळाच्या जागी गडद झाली होती; जी कोणी ती घालत होती तिच्या कपाळाची ती खूण इतक्या वर्षांनंतरही पुसलेली नाही. ही घंटा अंबाड्यावर बसत नाही. त्या काळी बायकांनी केस कापले, तेव्हाच ती त्यांच्या डोक्यावर नीट बसू लागली. आई, ती हातात असताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरे कोणी आले नाही, तूच आलीस. गेल्या वर्षीच्या उपचारांनंतर तुझे केस आखूड आले आहेत आणि सकाळी कृष्णाकाठी फिरायला जाताना तू मफलर कानांवरून हनुवटीपर्यंत गुंडाळतेस, कारण लोक पाहतात असे तुला वाटते. माझी इच्छा आहे की त्यांनी पाहावे, पण या हॅटमध्ये पाहावे. वर्तमानपत्रातली इंग्लंडच्या राणीची हॅट घातलेली छायाचित्रे कापून शिवणाच्या डब्यात तू ठेवत होतीस, ते मी विसरलेले नाही.

पुरुषांच्या हॅटचा तर हा प्रदेशच आहे. इथून आगगाडीने तासाभरावर अलेस्सांद्रिया हे गाव आहे, जिथे १८५७ मध्ये जुझेप्पे बोर्सालिनो यांनी पॅरिसला शिकून आल्यावर आपला हॅटचा कारखाना काढला आणि तिथले नाव पुढे इतके मोठे झाले की अनेक देशांत बोर्सालिनो म्हणजेच अशी हॅट, असा अर्थ झाला. तिथले संग्रहालय मी दिवाळीत पाहिले. सशाचे हलके केस वाऱ्याने उडवून छिद्रांच्या फिरत्या शंकूवर ओढून घेतात, त्यावर गरम पाणी सोडतात, मग ती भलीमोठी, पातळ टोपी वाफेत आणि गरम पाण्यात मळून मळून आवळत नेतात. आजोबांच्या खाटेवरचा बुरणूस याच तत्त्वाने होत असे; विणकाम नाही, केसांनीच केसांना धरायचे. एका हॅटला पन्नासांहून अधिक टप्पे आणि सुमारे सात आठवडे लागतात.

बाबा, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेत, म्हणून तुम्हाला यातली दुःखाची बाजूही सांगते. सशाचे केस गुळगुळीत असतात, ते एकमेकांत अडकावेत म्हणून युरोप-अमेरिकेतले कारागीर त्यांना पूर्वी मर्क्युरिक नायट्रेटचे द्रावण लावत. केस गाजरासारखे तांबूस होत आणि पुढे वाफ देताना पारा हवेत जाई. हातांना कंप सुटणे, हिरड्या सुजणे, स्वभाव चिडका आणि बुजरा होणे, हे सगळे त्या लोकांच्या वाट्याला आले. अमेरिकेत डॅनबरी या हॅटच्या गावी त्या कंपाला गावाचेच नाव पडले होते, आणि तिथे हा वापर १९४१ मध्ये बंद झाला. जुनी हॅट हातात घेताना मला हे आठवते आणि तिचे सौंदर्य त्यामुळे कमी न होता उलट जड होते. याच कारणासाठी बालोनवरची ती डाळिंबी हॅट मी स्वतः ब्रशने झाडणार नाही. इथल्या टोप्यांच्या कारागिराकडे देऊन आधी तपासून घेईन, आणि त्याने नको म्हटले तर त्याच घाटाची नवी त्याच्याकडून करून घेईन.

आणखी एक गोष्ट आईसाठी, कारण तिला नाटकाचे वेड. आज आपण जिला पुरुषांची म्हणून ओळखतो त्या मधोमध खाच पडलेल्या ‘फेडोरा’ हॅटला हे नाव एका नाटकावरून मिळाले आहे. १८८२ मध्ये पॅरिसला सारा बर्नहार्ट या नटीने त्या नावाच्या राजकन्येची भूमिका केली, आणि आधी बायकांनीच ती हॅट उचलली. बालगंधर्वांचे शालू आणि नथी पाहून बायका तशाच घेत, असे आजी सांगायची, तसेच हे.

बाबांसाठी मी फेल्ट घेणार नाही. सांगलीच्या उन्हात ते उबेल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुमचे डोळे उन्हात दिपतात आणि तुमच्या पांढऱ्या टोपीला कड नाही, म्हणून तुम्हाला रुंद कडेची, दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोर देशात तोकिया नावाच्या झाडाच्या पानांच्या पट्ट्यांची विणतात तशी हॅट हवी. तिला जगभर पनामा म्हणतात, पण ती एक्वादोरची आहे. ती चिमटीत वरून धरू नये, कड धरूनच उचलावी, नाहीतर खाचेपाशी विणकाम तडकते. मी ती गुढीपाडव्याला येताना आत मोजे भरून हातातल्या पिशवीतून आणीन.

आता माझी मागणी. शिवणयंत्राच्या खणातला टेप काढावा. कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या बोटभर वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत फुगीर आहे त्यावरून फिरवून सेंटिमीटरमध्ये घेर मोजावा. टेप आवळू नये, खाली एक बोट सरकले पाहिजे. आईचे माप बाबांनी घ्यावे आणि बाबांचे आईने, तीनदा घेऊन जे दोनदा येईल ते लिहावे. डाळिंबी हॅट ५६ आहे. त्या बाईंनी ती पुढच्या शनिवारपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. ५५ आले तर आत पट्टी घालता येते, ५७ आले तर कारागीर वाफेवर ताणून देतो. बाबा, आईचे माप लिहिताना तिने पुन्हा केस वाढवायचे ठरवले आहे की असेच ठेवायचे, हे तिला विचारून आकड्यापुढे लिहा, म्हणजे त्याप्रमाणे मी त्याला अर्धा सेंटिमीटर सैल ठेवायला सांगेन.

तुमची,
धाकटी