विजयदुर्ग घेतला कुणी, ठेवला कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धकाळातील मित्रराष्ट्रांवर आपल्या दैनिकात सध्या पत्रे येत आहेत. त्यांत विजयदुर्गाचा विषय 'पेशव्यांनी आपलेच आरमार इंग्रजांकडून जाळून घेतले' एवढ्या एका वाक्यात संपवला गेला. हा ठपका सर्वस्वी खोटा नाही. पण तो १२ फेब्रुवारी १७५६ च्या आगीवर ठेवून भागत नाही. चूक त्याआधी अकरा महिने, तहाच्या कागदावर झाली होती.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला. विजयदुर्ग ज्याच्या हाती होता तो मराठ्यांचा आरमारी सरदार तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे धरत होता, म्हणून शत्रू दोघांचा एकच. आता कलमे पाहा. समुद्रावरचा हुकूम इंग्रजांचा, मात्र निर्णय दोघांच्या संमतीने. किल्ल्यांतील तोफा व सामान पेशव्यांचे. पकडलेल्या जहाजांची वाटणी आपसांत ठरवायची. बाणकोट म्हणजे हिम्मतगड, त्याची खाडी आणि पाच गावे इंग्रजांना कायमची. बाणकोटाचे कलम गावांच्या आकड्यासकट बांधलेले आहे आणि जहाजांचे मोघम सोडले आहे. ज्याला जे नक्की हवे होते, ते त्याने नक्की लिहून घेतले. सावित्रीच्या मुखावरून महाडपर्यंतचा व्यापार हाती येतो, मुंबईला रसदही मिळते. कंपनीचे लक्ष तिथे होते.

पहिली फेरी सुरळीत पार पडली. कंपनीच्या आरमाराचा प्रमुख कमोडोर जेम्स याला नाकेबंदीपुरतेच सांगितले होते. त्याने ते बाजूला ठेवून एप्रिलच्या सुरुवातीला हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग तोफांनी नमवला आणि ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या हवाली केला. रामाजीपंतांना तसेच पुढे दक्षिणेला सरकायचे होते, पण मुंबईने जहाजे परत बोलावली. कारण आपल्या किनाऱ्यावर कुणालाही कळेल असे आहे. एप्रिल सरत आला की मोठे जहाज या बाऱ्यांवर, म्हणजे खाड्यांच्या तोंडांशी, ठेवणे म्हणजे त्यावर पाणी सोडणे. पायदळाला मिरगापर्यंत सवड असते, गलबताला नसते. दोघे एकाच मोहिमेवर होते, पण त्यांची पंचांगे वेगळी होती. पावसाळा आडवा आला की राहिलेल्या कामाचे काय, हे आधी बोलून ठेवायला हवे होते.

पुढच्या हंगामात ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह मुंबईत होते. ते आले होते दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्धच्या बेतासाठी. तो बारगळला आणि रिकामी फौज विजयदुर्गाकडे वळली. निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपसांत ठरवून टाकली, हिश्शांवरून वादही घातला. त्या यादीत मराठ्यांचे नाव नव्हते. इकडे तुळाजी किल्ला भावावर सोपवून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करत होता. म्हणजे दोघेही सोबत्याला वगळून हिशेब करत होते. कंपनीने नंतर किल्ला न सोडण्यासाठी मराठ्यांच्या याच बोलण्यांचे निमित्त पुढे केले.

१२ फेब्रुवारीला दुपारी खारा वारा सुटल्यावर इंग्रजी जहाजे वाघोटणच्या खाडीत शिरली. तुळाजीचे आरमार एकमेकांना खेटून बांधलेले होते. 'रेस्टोरेशन' हे कंपनीकडूनच पूर्वी पकडलेले जहाज. त्यावर एक गोळा फुटला, ते पेटले आणि आग एका डोलकाठीवरून दुसरीवर चढत गेली. जी जहाजे वाटून घ्यायची होती, ती संध्याकाळपर्यंत उरलीच नाहीत. त्या रात्री क्लाइव्हने आपली माणसे किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध उतरवली. माझ्या मते सगळ्या मोहिमेतील निर्णायक हालचाल हीच, कारण तिचे तोंड जितके शत्रूकडे होते तितकेच मित्राकडे. दुसऱ्या दिवशी इंग्रज आत शिरले. सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज त्यांनी वाटून घेतला. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत गेला, किल्ला मात्र इंग्रजांकडेच राहिला. सामान पेशव्यांचे असे कागद सांगत होता, पण दरवाजात आधी पाऊल कुणी टाकायचे आणि मोजदाद होईपर्यंत किल्ल्या कुणाकडे, याचा बंदोबस्त नव्हता.

उलटी बाजूही याच किनाऱ्यावर सापडते. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागजवळील कुलाबा किल्ल्यावर चालून आले. भरतीला पाण्याने वेढला जाणारा तो किल्ला, म्हणजे हल्ल्याचे तास मोजकेच. दोघांचा एक सेनापती नव्हता. बाजीराव मदतीला आल्यावर पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले. पोर्तुगीजांना वसई प्रांताची काळजी होती. त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तरी हेच करते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी मुसंडी मारली तेव्हा फ्रेंच सेनापती पेतॅं पॅरिस झाकायच्या विचारात होता आणि इंग्रजांचा सेनापती हेग इंग्लिश खाडीवरील बंदरे. दोघे आपापल्या बाजूला सरकले असते तर मधे खिंडार पडले असते. म्हणून २६ मार्चला फ्रेंच जनरल फॉशकडे दोन्ही फौजांच्या समन्वयाचे अधिकार आले. युद्ध चौथ्या वर्षात असताना, तेही पाणी गळ्याशी आल्यावर.

विजयदुर्गावर मुलांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. १३ फेब्रुवारीबरोबर १२ ऑक्टोबर १७५६ ही तारीखही सांगा. त्या दिवशी पुण्यात दुसरा तह झाला, तेव्हा कुठे विजयदुर्ग मराठ्यांना परत मिळाला. तोही बाणकोट इंग्रजांकडे कायम करून आणि डचांना आपल्या मुलखातील व्यापारातून वगळण्याचे कबूल करून. खजिना रिकामा होता, बंदरात जळकी लाकडे होती, आणि पेशव्यांना तिथे आपले आरमार नव्याने उभे करावे लागले.

आपला,
एक वाचक, ता. देवगड